सियालदहच्या उत्तरेचा रस्ता

कलकत्त्याच्या सियालदह स्थानकातून बाहेर पडून उत्तरेकडे वळले की एक रुंद आणि अखंड गजबजलेला रस्ता लागतो. त्याचे जुने नाव अप्पर सर्क्युलर रोड. आजचे नाव आचार्य प्रफुल्लचंद्र रोड. महाराष्ट्रातून कलकत्त्याला जाणारा प्रवासी बहुधा हावड्याला उतरतो, त्यामुळे हा रस्ता त्याच्या वाटेत येत नाही. परंतु भारतातील विज्ञानाचा किंवा व्यायामाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला मात्र हा रस्ता टाळून पुढे जाता येत नाही. ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ लावणारे सूत्र, मुलांच्या ‘हे असे का?’ या प्रश्नांना त्यांच्याच भाषेत उत्तरे देणारे मासिक आणि वजने उचलून शरीर घडविण्याची पद्धतशीर शिकवण, या तिन्ही गोष्टी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत याच रस्त्याच्या आसपास, एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर वाढल्या.

आपल्या शाळेच्या हीरकमहोत्सवी ग्रंथात या दूरच्या रस्त्याची आठवण काढण्याचे कारण आहे. मराठी माध्यमाच्या कोणत्याही शाळेच्या दारात पालक दोन शंका घेऊन येतात. मातृभाषेतून शिकलेले मूल विज्ञानात मागे तर पडणार नाही ना, ही पहिली. मैदानावर गेलेला तास अभ्यासातून वजा तर होत नाही ना, ही दुसरी. इतिहासाला भविष्य सांगता येत नाही. पण दाखला देता येतो. सियालदहच्या उत्तरेचा हा रस्ता असा एक दाखला आहे.

पूर्वेचे दार

हावडा हे कलकत्त्याचे पश्चिमेकडील दार, तर सियालदह हे पूर्वेचे. १८६२ साली ईस्टर्न बंगाल रेल्वेची गाडी कलकत्त्याहून कुष्टियापर्यंत धावू लागली. पुढे हा मार्ग पद्मेच्या काठावरील गोआलंदोपर्यंत वाढला. ढाक्याकडचा मनुष्य नारायणगंजला आगबोटीत बसे, गोआलंदोला उतरे आणि तेथून रेल्वेने सियालदहला येई. नोकरीसाठी आणि शिक्षणासाठी पूर्व बंगालातून निघालेल्या कित्येक पिढ्यांनी महानगराचे पहिले दर्शन या स्थानकातून घेतले.

त्या वाटेने कलकत्त्यात शिकायला आलेल्या पूर्व बंगालच्या मुलांपैकी एक मेघनाद साहा. १८९३ साली ढाका जिल्ह्यातील शेओडातली या खेड्यात, एका लहान किराणा दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. प्राथमिक शिक्षण गावच्या बंगाली शाळेत झाले. पुढची शाळा घरापासून इतकी दूर होती की दुसऱ्या गावातील एका डॉक्टरांनी आपल्या घरी ठेवून घेतले, म्हणून ते शिकू शकले. वंगभंगाच्या चळवळीत गव्हर्नरच्या भेटीवर विद्यार्थ्यांनी घातलेल्या बहिष्कारात ते सामील झाले. तेव्हा ढाक्याच्या सरकारी शाळेतून त्यांना काढून टाकण्यात आले आणि शिष्यवृत्तीही बंद झाली. किशोरीलाल ज्युबिली स्कूल या खासगी शाळेने त्यांना सामावून घेतले. १९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. तेथील वसतिगृहात जातीमुळे पंगतभेद सोसावा लागला. एका शाळेने दार बंद केले आणि दुसरीने उघडले, हा तपशील शाळेच्या ग्रंथात नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

साध्या प्रश्नांची वस्ती

सियालदहहून पश्चिमेकडे जाणाऱ्या बहूबाजार रस्त्यावर २१० क्रमांकाच्या वास्तूत ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था होती. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकवर्गणीतून ती उभी केली. १९०७ साली अर्थखात्यातील एक तरुण अधिकारी कचेरीच्या वेळेआधी आणि नंतर तेथे प्रयोग करू लागला. ते चंद्रशेखर वेंकट रामन. तंतुवाद्यांचा आणि मृदंग-तबल्याचा नाद कसा निर्माण होतो, हे त्यांचे सुरुवातीचे विषय होते. १९२१ च्या सागरप्रवासात त्यांना प्रश्न पडला की समुद्र निळा का दिसतो. आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून, हे तेव्हाचे रूढ उत्तर त्यांना पटले नाही. पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखविले आणि त्याच विचाराचा धागा धरून २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणाम’ हाती आला. दरवर्षी आपल्या शाळांत साजरा होणारा राष्ट्रीय विज्ञान दिन तो हाच. त्याचे मूळ कोणत्याही प्रवाशाला बोटीच्या कठड्याशी सुचू शकणाऱ्या एका साध्या प्रश्नात आहे.

साध्या प्रश्नांना भाषा देणारी माणसेही जवळच होती. सियालदहला लागूनच असलेल्या रिपन कॉलेजचे प्राचार्य रामेंद्रसुंदर त्रिवेदी हे विज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी बंगालीत वैज्ञानिक आणि तात्त्विक निबंध लिहिले. त्यांच्या एका निबंधसंग्रहाचे नावच ‘जिज्ञासा’ आहे. आणखी उत्तरेला, अप्पर सर्क्युलर रोडवर, जगदीशचंद्र बसू यांनी ३० नोव्हेंबर १९१७ रोजी आपली संशोधनसंस्था स्थापन केली आणि तिच्यासाठी दधीचीच्या अस्थींपासून घडलेल्या वज्राचे चिन्ह स्वीकारले. जगदीशचंद्रांचे वडील सरकारी अधिकारी होते. तरीही त्यांनी मुलाला प्रथम इंग्रजी शाळेत न घालता बंगाली शाळेत घातले. तेथे एका बाजूला चपराशाचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा बसे. त्यांच्याकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टींनी निसर्गाविषयीचे आपले कुतूहल जागे झाले, असे त्यांनी पुढे आवर्जून सांगितले.

याच जगदीशचंद्रांनी १८९६ साली केशतेलाच्या एका कारखानदाराने ठेवलेल्या कथास्पर्धेसाठी बंगालीत एक विज्ञानकथा लिहिली. कलकत्त्यावर येणारे म्हणून वेधशाळेने जाहीर केलेले वादळ अचानक नाहीसे होते. कारण जहाजावरील एका प्रवाशाने खवळलेल्या समुद्रात केशतेलाची बाटली ओतलेली असते! तेलाच्या पातळ थराने पाण्यावरील लहान लाटा शमतात, या खऱ्या निरीक्षणावर ही गमतीदार कल्पना उभी आहे. मराठी वाचकाला येथे दुसरी एक स्पर्धा आठवेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांनी टोपणनावाने पाठविली होती. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती.

राजाबाजारच्या पुढे गरपार नावाची वस्ती आहे. तेथील १०० क्रमांकाच्या घरात उपेंद्रकिशोर राय चौधुरी यांचे राहते घर आणि छापखाना होता. १९१३ साली त्यांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. संदेश म्हणजे निरोप आणि संदेश म्हणजे बंगालची प्रसिद्ध मिठाईही. उपेंद्रकिशोरांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र सुकुमार राय यांनी ते चालविले. विनोदी कविता, कोडी, चित्रे यांच्या शेजारीच यंत्रे, प्राणी, आकाश, शोध यांविषयीचे सोपे लेख त्यात येत. १९२१ साली याच घरात सत्यजित राय यांचा जन्म झाला. पुढे कुटुंबाच्या हातून ती वास्तू गेली आणि तेथे शाळा भरू लागली.

सूर्यातील कॅल्शियम

गरपारच्या अलीकडे, ९२ अप्पर सर्क्युलर रोड येथे, आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने आणि तारकनाथ पालित व रासबिहारी घोष या दोन वकिलांच्या देणग्यांतून विद्यापीठाचे सायन्स कॉलेज उभे राहिले. १९१४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. साहा आणि त्यांचे सहाध्यायी सत्येंद्रनाथ बसू हे दोघेही नुकतेच एम.एस्सी. झालेले असताना तेथे अध्यापनास लागले. नवे भौतिकशास्त्र तेव्हा जर्मन भाषेत होते. या तरुणांनी जर्मन शिकून घेतली, स्वतः वाचले आणि मग वर्गात शिकविले. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने १९२० साली प्रसिद्ध केला. इंग्रजीतील तो पहिला होय.

त्याच वर्षी साहांचा सूर्याच्या वर्णावरणातील आयनीभवनावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यामागचे कोडे असे होते. सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाहिला असता त्यातील विशिष्ट रेषांवरून कोणते मूलद्रव्य कोठे आहे हे कळते. सूर्याच्या बाह्य आवरणात फार उंचावर कॅल्शियमच्या काही रेषा ठळक दिसत. कॅल्शियम जड, मग हलक्या द्रव्यांना मागे टाकून तो इतका वर कसा? साहांनी दाखविले की त्या रेषा अखंड कॅल्शियम अणूच्या नसून एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या आहेत, आणि हे गमावणे तापमानाबरोबरच दाबावरही अवलंबून असते. जत्रेच्या दाटीत हात सुटलेल्या माणसाला कोणी ना कोणी ओळखीचे लगेच भेटते. मोकळ्या माळावर एकदा ताटातूट झाली की भेट दुरापास्त होते. सूर्याच्या वरच्या थरात वायू अत्यंत विरळ असतो, म्हणून सुटलेल्या इलेक्ट्रॉनला अणू पुन्हा सहज सापडत नाही.

या सूत्राने ताऱ्यांचे शास्त्रच बदलले. वेगवेगळ्या ताऱ्यांचे वर्णपट वेगळे दिसतात ते त्यांची द्रव्ये वेगळी म्हणून, असा समज होता; फरक मुख्यतः तापमानाचा आहे, हे आता उघड झाले. याच सूत्राच्या आधारे सेसिलिया पेन या संशोधिकेने १९२५ साली ताऱ्यांत हायड्रोजन सर्वांत विपुल असल्याचे दाखविले.

साहांचे मन तेथेच थांबले नाही. सूर्याचे अतिनील किरण ओझोनच्या थरात अडतात, म्हणून त्या थराच्या वर जाऊन सूर्य पाहण्याची वेधशाळा हवी, अशी कल्पना त्यांनी १९३७ साली हार्वर्ड वेधशाळेच्या पत्रिकेत मांडली. कृत्रिम उपग्रह तेव्हा वीस वर्षे दूर होता. त्यांच्या जुन्या सायन्स कॉलेजातच शिशिरकुमार मित्र रेडिओ लहरींच्या साहाय्याने वातावरणाच्या विद्युद्भारित थरांचा अभ्यास करीत होते. त्यांच्या १९४७ च्या ‘द अप्पर ॲटमॉस्फिअर’ या ग्रंथाचा रशियन अनुवाद १९५५ साली झाला. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले भारताचे ‘आदित्य-एल१’ हे यान जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटरवरील आपल्या जागी पोहोचले. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेने सिद्ध केली आहे. ही दुर्बीण सूर्याचे जे थर न्याहाळते त्यांत वर्णावरण आहे, आणि ज्या रेषांच्या प्रकाशात न्याहाळते त्यांत आयनीभूत कॅल्शियमची एक रेषा आहे. शेओडातलीच्या दुकानदाराच्या मुलाने धरलेला धागा असा पुण्यापर्यंत आला.

तिळगुळाची तारीख

आकाशाचे शास्त्र घरातल्या भिंतीवरही टांगलेले असते. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. मग उत्तरायणाचा सण म्हणून मकरसंक्रांत १४ जानेवारीला का? पारंपरिक पंचांगांतील सौरवर्ष ऋतूंच्या खऱ्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे धरलेले आहे. वर्षाला २४ मिनिटे म्हणजे काहीच नाही. पण सुमारे १४०० वर्षांत ती साचून २३ दिवस झाले. तिळगूळ आपण तेवढे दिवस उशिरा वाटतो!

या गोंधळाकडे महाराष्ट्राचे लक्ष फार आधी गेले होते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा महाग्रंथ मराठीत लिहिला. लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीचा आग्रह धरला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, देशभरच्या पंचांगांचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते मेघनाद साहा आणि सदस्यांत नागपूरचे के. ल. दफ्तरी व ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे दोन महाराष्ट्रीय विद्वान होते. देशात सुमारे ३० प्रकारची पंचांगे चालू असल्याचे समितीला आढळले. तिच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ रोजी, भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. साहांना तो दिवस दिसला नाही. १९५६ च्या फेब्रुवारीत दिल्लीत त्यांचे निधन झाले. राजपत्राने ही दिनदर्शिका स्वीकारली, घरांनी मात्र जुनी पंचांगे सोडली नाहीत. गणित सुधारण्यापेक्षा सवय सुधारणे अवघड, हा धडाही इतिहास देतो.

आखाड्यांचा रस्ता

आता बलाकडे वळू. बंगाली माणूस बुद्धिमान पण दुबळा, असा शेरा इंग्रज लेखकांनी मारला होता आणि तो बंगाली सुशिक्षितांच्या मनाला फार लागला. १८६७ साली सुरू झालेल्या हिंदू मेळ्याचे प्रवर्तक नवगोपाल मित्र यांनी व्यायामशाळा काढली. तरुणपणी स्वामी विवेकानंद तेथे जात. १९०२ साली अनुशीलन समिती स्थापन झाली. त्याच सुमारास बडोद्याच्या गायकवाडी सैन्यात शिकून आलेले जतींद्रनाथ बंदोपाध्याय यांनी १०८ अप्पर सर्क्युलर रोडवर तरुणांसाठी केंद्र उघडले. लाठी, घोडेस्वारी, मुष्टियुद्ध यांचे शिक्षण तेथे मिळे. या तरुणांना इतिहास आणि देशाची आर्थिक स्थिती शिकविणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. तो म्हणजे सखाराम गणेश देऊस्कर. देवघरजवळ स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात १८६९ साली जन्मलेल्या देऊस्करांनी बंगालीत ‘देशेर कथा’ हा ग्रंथ लिहिला आणि शिवचरित्र बंगालच्या घराघरांत नेले. बंगालच्या आखाड्यांत शिवाजी महाराजांचे नाव घेतले जाई, त्यात देऊस्करांचा वाटा मोठा होता. या आखाड्यांची दारे सर्व जातिधर्मांना सारखी उघडी नव्हती, हेही इतिहासाने नोंदवले पाहिजे.

बलाची दुसरी तऱ्हाही याच रस्त्यावर नांदत होती. आज ज्यांचे नाव रस्त्याला आहे ते प्रफुल्लचंद्र राय लहानपणी आमांशाने असे खंगले की प्रकृती जन्मभर नाजूक राहिली. मोजके खाणे, ठरलेल्या वेळी काम आणि रोज मोकळ्या हवेत फिरणे या बळावर त्यांनी रसायनशास्त्रातील संशोधन, ‘बेंगॉल केमिकल’ हा कारखाना आणि दुष्काळ-पुरांतील मदतकार्य हे सारे पेलले. १९०१-०२ च्या सुमारास नामदार गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्यात त्यांच्या शेजारी राहत. आठशे रुपये पगारातील चाळीस स्वतःसाठी ठेवून बाकीचे लोककार्याला देणारा हा प्राध्यापक, अशी रायांची ओळख गोखल्यांनीच गांधीजींना करून दिली. उत्तरायुष्यात राय सायन्स कॉलेजातील एका खोलीत राहिले आणि १९४४ साली तेथेच वारले.

व्यायामाला शास्त्राचे रूप देणारे दोन पुरुष उत्तर कलकत्त्यातच झाले. पहिले जतींद्रचरण गुहा ऊर्फ गोबर गुहा. पिढीजात पहिलवानांच्या घरातील या मल्लाने १९२१ साली सॅन फ्रान्सिस्कोला लाइट हेवीवेट गटाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्यांचा आखाडा पुढे गोआबागानात होता, सत्येंद्रनाथ बसूंच्या घरापासून जवळच. दुसरे विष्णुचरण घोष. १९२३ साली त्यांनी गरपार भागात ‘कॉलेज ऑफ फिजिकल एज्युकेशन’ काढले आणि १९३० साली स्नायूंवरील नियंत्रण व बारबेलचे व्यायाम यांवर सहलेखकासह पुस्तक प्रसिद्ध केले. योगासने आणि लोखंडी वजने हे दोन्ही त्यांनी एकाच छताखाली शिकविले.

त्यांच्या शिष्या रेबा रक्षित पन्नाशीच्या दशकात सर्कशीत छातीवरील फळीवरून हत्ती चालवून दाखवीत. पाहणाऱ्याला तो चमत्कार वाटे. फळीमुळे भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो, आणि हत्तीचा बराचसा भार जमिनीवर टेकलेल्या पायांवर राहतो. तरीही उरलेला भार श्वास रोखून सोसण्यास वर्षानुवर्षांची तयारी लागते. या तयारीमागचा नियम साधा आहे. आज पेलते त्याहून किंचित अधिक ओझे उद्या, आणि मध्ये पुरेशी विश्रांती. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे वाढत नाहीत. मज्जासंस्था आहेत तेच तंतू अधिक संख्येने कामाला लावण्यास शिकते. स्नायूंची जाडी नंतर वाढते. म्हणून सुरुवातीस आरशात काही दिसत नाही, पण बादली हलकी लागते. अभ्यासाचेही असेच असते, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

ओझे नसले तर काय होते, हे अंतराळाने शिकविले. भारहीन अवस्थेत स्नायू झिजतात आणि हाडांतील कॅल्शियम महिन्याला सुमारे एक टक्का या गतीने घटू लागतो. म्हणून अंतराळस्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम सक्तीचा असतो, आणि वजनाला वजन नसल्यामुळे निर्वात नळ्यांच्या ओढीने प्रतिरोध निर्माण केला जातो. १९८४ साली राकेश शर्मा यांनी अंतराळात योगासने करून त्यांचा परिणाम तपासला. २०२५ साली शुभांशु शुक्ला यांनी स्नायूंच्या पेशींवर प्रयोग केले. साहांनी सूर्यात शोधला तोच कॅल्शियम आपल्या हाडांत आहे, आणि त्याला जागेवर ठेवायचे तर पायांवर भार घेऊन उभे राहावे लागते.

१९५२

फाळणीनंतर सियालदहचे फलाट निर्वासितांनी भरून गेले. त्याच काळात या स्थानकावर एक ठेंगणा, पिळदार माणूस नारळ विकत असे. त्याचे नाव मनोहर आइच. कोमिल्ला जिल्ह्यातला जन्म. उंची चार फूट अकरा इंच. रॉयल एअर फोर्समध्ये असताना अपमानास्पद बोलणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला थप्पड मारल्याबद्दल तुरुंगवास झाला. तेथे साधने नव्हती. तरी रोज तासन्‌तास व्यायाम करून त्यांनी शरीर घडविले. बाहेर आल्यावर मिळेल ते काम केले, लंडनच्या प्रवासासाठी पैसे जमविले. १९५१ साली ‘मिस्टर युनिव्हर्स’ स्पर्धेत दुसरे आले. परत न येता तेथेच ब्रिटिश रेल्वेत नोकरी धरली आणि १९५२ साली आपल्या उंचीच्या गटात विजयी झाले. वय चाळिशीचे होते. २०१६ साली, शंभरी ओलांडून, ते निवर्तले.

त्याच १९५२ साली हेलसिंकीला, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. त्याच वर्षी साहा कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि पंचांग समिती नेमली गेली. नारळ विकणारा मल्ल, घर गहाण ठेवणारा प्राचार्य आणि लोकसभेत बसलेला खगोलशास्त्रज्ञ हे तिघे एकमेकांना ओळखत नसतील. पण साधनांची वाट न पाहता काम सुरू करण्याची रीत तिघांची एकच होती.

भाषेचा प्रश्न

पहिल्या शंकेचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर अर्धे उत्तर देऊन भागणार नाही. साहा, रामन, बसू यांचे संशोधननिबंध इंग्रजीत आहेत आणि त्यांनी गरजेपुरती जर्मनही आत्मसात केली. परभाषा टाळून कोणी मोठा झाला, असे हा रस्ता सांगत नाही. तो सांगतो ते इतकेच की प्रश्न विचारण्याची हिंमत प्रथम स्वभाषेत येते. आइन्स्टाइन यांच्यासह ज्यांचे नाव घेतले जाते त्या सत्येंद्रनाथ बसूंनी १९४८ साली कलकत्त्यात वंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे बंगाली मासिक सुरू केले. बंगालीतून विज्ञान शिकविता येत नाही असे म्हणणाऱ्याला एक तर बंगाली येत नाही किंवा विज्ञान, असे ते म्हणत. रवींद्रनाथांनी १९३७ साली विश्वरचनेवर लिहिलेले ‘विश्वपरिचय’ हे बंगाली पुस्तक याच बसूंना अर्पण केले आहे.

मराठीतही हे काम थांबलेले नव्हते. पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ साली, म्हणजे रामन परिणामाच्याच वर्षी, सुरू झाले. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. व्यायामाच्या बाबतीत तर मराठीने बंगालच्याही पुढे पाऊल टाकले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे, आणि बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत सिद्ध केला. स्वभाषेत ज्ञान नाही ही तक्रार करण्यापूर्वी स्वभाषेतले हे ज्ञान आपण उघडून पाहिले का, असे स्वतःला विचारावयास हवे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर मैदानावरच मिळेल. येत्या २२ डिसेंबरला विद्यार्थ्यांनी शाळेच्या मैदानात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवावी आणि माध्यान्हीची, म्हणजे त्या दिवसातली सर्वांत आखूड, सावली मोजावी. पुण्याच्या अक्षांशावर ती सुमारे ९० सेंटिमीटर भरेल. १४ जानेवारीला पुन्हा मोजावी. ती सुमारे ८३ सेंटिमीटर असेल. मधल्या २३ दिवसांत सूर्य उत्तरेकडे निघालेलाच असेल. काठी रोवायला हात लागतील, उन्हात उभे राहायला पाय लागतील आणि सावली का आखडली हे विचारायला मराठी पुरेल.